इसेन्शियल ऑइलने बॅक्टेरिया मरतात हे खरं, पण किती तेलाने?

अँटिबायोटिक काम करेनाशी झालीत ही बातमी आता दर थोड्या दिवसांनी येते, आणि तिच्या मागोमाग दुसरी एक हमखास येते, की अमुक वनस्पतीच्या तेलाने लॅबमध्ये 99 टक्के बॅक्टेरिया मारले, म्हणजे उत्तर निसर्गातच होतं आणि आपण उगाच गोळ्या गिळत बसलो वगैरे. पहिली बातमी खरोखर गंभीर आहे. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियामुळे दगावली असा अंदाज आहे. दुसरी बातमीसुद्धा बहुतेक वेळा खोटी नसते, लॅबमध्ये ते खरंच मरतात. गडबड एवढीच की तिच्यात एक आकडा गाळलेला असतो, किती तेल लागलं तो, आणि सगळी मेख त्या आकड्यातच आहे.

हे तेल म्हणजे आपलं नेहमीचं तेल नव्हे

खोबरेल, तिळाचं, कडुनिंबाच्या बियांचं ही स्निग्ध तेलं, म्हणजे सरळ फॅट. कागदावर थेंब पडला की डाग कायमचा. लवंग, निलगिरी, गवती चहा, पुदिना यांचं जे वासाचं तेल मिळतं ते वेगळंच प्रकरण आहे, त्यात फॅट नसतं, ते हवेत उडून जातं, कागदावरचा डागही थोड्या वेळाने जवळपास नाहीसा होतो. (डाग तसाच राहिला तर कुणीतरी त्यात स्वस्तातलं साधं तेल मिसळलंय असा संशय घ्यायला जागा आहे.) या उडून जाणाऱ्या वासाच्या तेलाला इसेन्शियल ऑइल म्हणतात, पुढे मी नुसतं तेलच म्हणणार आहे.

झाड हे आपल्यासाठी बनवत नाही हे उघड आहे. पुदिना-तुळशीच्या पानावर बारीक बारीक ग्रंथी असतात, लिंबाच्या सालीत आणि निलगिरीच्या पानात तेलाच्या छोट्या पोकळ्या असतात, पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास येतो. पानं खाणारे किडे, बुरशी, जंतू यांना लांब ठेवायला आणि काही वेळा परागीभवन करणाऱ्या किड्यांना बोलावायला झाड ही केमिकल्स तयार करतं. हो, केमिकल्सच. झाडाने केली म्हणून ती केमिकल्स राहत नाहीत असं काही नाही.

काढायची पद्धत बहुतेक वेळा वाफेची, लिंबूवर्गीय फळांची साल मात्र नुसती दाबून काढतात. वाफेच्या पद्धतीत एक सुंदर गोष्ट आहे. ओव्यातला थायमॉल एकटा उकळायचा तर 230 अंशांच्या वर तापवावं लागेल, पण पाण्याबरोबर तो 100 अंशांच्या आतच वाफ होऊन निघून येतो. कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, दोघंही आपापली वाफ सोडत राहतात, आणि दोघांच्या वाफेचा मिळून दाब हवेच्या दाबाइतका झाला की सगळं मिश्रणच उकळायला लागतं. तेलाचा वाटा थोडा असला तरी तो येतो. मग वाफ थंड केली की पाणी आणि तेल आपोआप वेगळे होतात.

पण या तापवण्यात झाडातलं सगळं जसंच्या तसं येत नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. कॅमोमाइलच्या फुलांचं तेल निळंशार असतं, फुलात मात्र निळं काही नसतंच, फुलातल्या मॅट्रिसिन नावाच्या पदार्थाचं उष्णतेने कॅमॅझुलिन होतं आणि ते निळं असतं. लसणाचं अजून मजेशीर. ज्या ॲलिसिनचं एवढं कौतुक होतं ते अख्ख्या लसणात नसतंच, पाकळी ठेचली की एन्झाइममुळे तयार होतं, आणि वाफेवर तेल काढताना ते मोडून दुसरीच सल्फरची संयुगं बनतात. त्यामुळे "लसणाच्या तेलातलं ॲलिसिन" असं कुठे दिसलं की लिहिणाऱ्याने बाटलीत डोकावलेलं नाही एवढं नक्की समजायचं.

बाटलीत कोण कोण असतं

एका तेलात वीस-तीसपासून शंभराच्या वर वेगवेगळे पदार्थ असू शकतात, पण बऱ्याच तेलांत दोन-तीन जणांचाच वाटा मोठा असतो आणि बाकीचे किरकोळ. लवंगेच्या तेलात युजेनॉल साधारण 70 ते 90 टक्के. गवती चहात सिट्रल 70-80 टक्क्यांच्या आसपास. निलगिरीच्या नेहमीच्या जातीत सिनिओल 70 टक्क्यांच्या पुढेमागे. ओव्यात थायमॉल भरपूर, पुदिन्याच्या पेपरमिंट जातीत मेन्थॉल, लिंबूवर्गीय सालीत लिमोनिन.

यातले बहुतेक सगळे टर्पीन नावाच्या एका मोठ्या घराण्यातले. झाड पाच कार्बनचा एक तुकडा बनवतं आणि तोच तुकडा जोडत जातं, दोन जोडले की दहा कार्बन, तीन जोडले की पंधरा. लिमोनिन, पाइनिन हे दहा कार्बनवाले, दोघांतही 10 कार्बन आणि 16 हायड्रोजनच, फक्त मांडणी वेगळी, आणि तेवढ्याने एकाचा वास संत्र्याच्या सालीचा आणि दुसऱ्याचा पाइनच्या लाकडाचा. हा गुंता सोडवायला रसायनशास्त्रज्ञांची आयुष्यं गेली, ऑटो वालाख यांना 1910 चं नोबेल मिळालं ते याच घराण्यावरच्या कामासाठी. लवंगेतला युजेनॉल आणि दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड मात्र या घराण्यातले नाहीत, झाड त्यांना वेगळ्याच वाटेने बनवतं.

नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या या सांगाड्याला कुठेतरी ऑक्सिजन चिकटला की त्याचा स्वभाव बदलतो आणि बॅक्टेरियाच्या दृष्टीने तिथेच खरा फरक पडतो. सगळ्यात जहाल समजले जातात ते फिनॉलवाले (कार्बनच्या कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटलेले), म्हणजे थायमॉल, ओरेगॅनोतला कार्व्हाक्रॉल, युजेनॉल. त्यांच्या मागोमाग सिनॅमाल्डिहाइड आणि सिट्रलसारखे अल्डिहाइड, मग मेन्थॉल, टर्पिनेन-4-ऑल वगैरे अल्कोहोल मंडळी, आणि नुसते ऑक्सिजन नसलेले लिमोनिन-पाइनिन शेवटी. अपवाद आहेतच, पण ढोबळ क्रम हाच.

हे सगळं कळतं कसं, तर जीसी-एमएस नावाच्या मशीनने. साधारण 30 मीटर लांब आणि पाव मिलिमीटर पोकळीची एक नळी गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवलेली असते, तेलाचा थेंबाहूनही कितीतरी छोटा अंश वाफ करून तिच्यातून सोडतात, प्रत्येक पदार्थ आपापल्या वेगाने पुढे सरकतो आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो, बाहेर पडल्यावर त्याचे तुकडे करून वजन मोजतात आणि त्यावरून ओळख पटते. कंपनी तेलाचा रिपोर्ट देते म्हणजे या मशीनचा छापील कागद देते. त्यात टक्केवारी असते. जंतू मरतात की नाही हे त्यात नसतं.

एकच झाड, तेलं तीन

खऱ्या दालचिनीच्या सालीतून तेल काढलं तर त्यात मुख्य सिनॅमाल्डिहाइड, त्याच झाडाच्या पानातून काढलं तर मुख्य युजेनॉल, म्हणजे जवळपास लवंगेचाच भाऊ, आणि मुळाच्या सालीतून काढलं तर कापूर. झाड एकच. आता लेबलवर नुसतं "दालचिनी तेल" लिहिलं असेल तर यातलं कोणतं समजायचं?

थाइम या ओव्यासारख्या वासाच्या झुडपाचं तर अजून पुढचं. दक्षिण फ्रान्समध्ये थाइमची एकाच जातीची झुडपं, दिसायला सारखी, पण तेलावरून त्यांचे सहा प्रकार पडतात, कुणात थायमॉल जास्त, कुणात लिनालूल, कुणात जिरॅनिऑल. थायमॉलवालं तेल बॅक्टेरियावर जोरदार, लिनालूलवालं त्यामानाने सौम्य. दोन्ही बाटल्यांवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव तेच असणार. तुळशीच्या बाबतीतही कुठे युजेनॉल जास्त, कुठे मिथाइल युजेनॉल, आणि बेसिल नावाची जी दुसरी जात आहे तिच्यात लिनालूल किंवा एस्ट्रागोल. वर ऋतू, जमीन, कापणीची वेळ, पान ताजं की सुकलेलं यानेही आकडे हलतात.

म्हणून ज्या तेलांचा औषधी उपयोग गंभीरपणे केला जातो त्यांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवलेली आहेत. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून काढलेल्या टी ट्री ऑइलच्या मानकात टर्पिनेन-4-ऑल किमान 35 टक्के हवा असं म्हटलंय. लक्षात घ्या, झाड कोणतं यावर ते मानक थांबत नाही, आत काय किती आहे ते विचारतं. मला विचाराल तर वनस्पतीच्या नावाने तेलाचे गुण सांगणाऱ्या निम्म्या लेखांना इथेच पूर्णविराम द्यायला हरकत नाही.

बॅक्टेरिया मरतो तो नेमका कसा

बॅक्टेरिया म्हणजे एक पेशी आणि तिच्याभोवती एक पातळ स्निग्ध पडदा. तो पडदा नुसती पिशवी नसतो, पेशीचा सगळा कारभार त्याच्यावर चालतो. आत पोटॅशियम भरून ठेवायचं, हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलायचे, आणि आत-बाहेरच्या या फरकातूनच ऊर्जा मिळवायची. समजा एक पाण्याची टाकी आहे, पंप लावून ती भरलेली ठेवायची आणि त्याच पाण्याच्या जोरावर पंपाची वीजसुद्धा बनवायची. आता टाकीला तळाशी बारीक बारीक भोकं पडली तर पंप आधी जोरात चालतो, मग चालून चालून वीज संपते आणि सगळंच बंद पडतं. थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल साधारण हेच करतात. ते स्वतः तेलकट असल्यामुळे पाण्यात थांबण्यापेक्षा त्या स्निग्ध पडद्यात घुसतात, पडदा सैल करतात, आतलं पोटॅशियम गळायला लागतं, ऊर्जेचा साठा खाली येतो.

इथे एक प्रयोग मला फार आवडतो. कार्व्हाक्रॉल आणि पॅरा-सायमीन हे दोन रेणू जवळपास जुळे, फरक एवढाच की कार्व्हाक्रॉलला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक शेपटी आहे आणि सायमीनला नाही. दोघंही पडद्यात घुसतात, सायमीनने तर पडदा चांगलाच फुगतो, पण बॅक्टेरियाला मारण्यात सायमीन एकटा फारसा कामाचा नाही. कारण कार्व्हाक्रॉल त्या शेपटीवरचा हायड्रोजन पडद्याच्या एका बाजूला सोडून दुसऱ्या बाजूला पुन्हा पकडू शकतो, म्हणजे आत-बाहेरचा फरक तो स्वतःच पुसत राहतो. आणि दोघांना एकत्र टाकलं तर? सायमीनने पडदा फुगवून ठेवल्यामुळे कार्व्हाक्रॉलला आत शिरायला सोपं जातं आणि परिणाम वाढतो. अख्खं तेल कधीकधी त्याच्या मुख्य घटकापेक्षा जास्त चालतं ते अशा कारणांनी. दर वेळी चालतं असं मात्र नाही, काही घटक एकमेकांना मारकही ठरतात.

सिनॅमाल्डिहाइडची तऱ्हा थोडी वेगळी, पडद्याला तो त्रास देतोच पण बॅक्टेरियाच्या प्रोटीनांना रासायनिकरीत्या चिकटूनही त्यांचं काम बिघडवतो.

सगळे बॅक्टेरिया सारखे बळी पडत नाहीत. 1884 मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी रंग देऊन बॅक्टेरिया वेगळे ओळखायची पद्धत काढली, तेव्हापासून ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह असे दोन गट आपण म्हणतो. निगेटिव्हवाल्यांना नेहमीच्या पडद्याबाहेर अजून एक आवरण असतं आणि ते तेलकट रेणूंना सहज आत घेत नाही. त्यामुळे त्वचेवरच्या फोडांमध्ये सापडणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस तेलाला तुलनेने लवकर शरण जातो, आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायवर फिनॉलवाली तेलं बऱ्यापैकी चालतात कारण ती बाहेरचं आवरणही खिळखिळं करतात, आणि स्युडोमोनास एरुजिनोसा नावाचा चिवट प्राणी बहुतेक तेलांना दाद देत नाही, आवरण तर आहेच, वर आत आलेला पदार्थ उपसून बाहेर फेकणारे पंपही त्याच्याकडे आहेत. दवाखान्यातल्या जखमांमध्ये आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये त्रास देणारा हाच, म्हणजे जिथे नवीन औषधाची खरी गरज आहे तिथेच तेल कमी पडतं.

लॅबमधल्या बशीवर किती विश्वास ठेवायचा

बातम्यांमध्ये फोटो येतो तो बहुतेक वेळा एका चाचणीचा. बशीत जेलीसारखा थर, त्यावर बॅक्टेरिया पसरलेले, मध्ये कागदाची तेल लावलेली टिकली, आणि टिकलीभोवती बॅक्टेरिया न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ मोठं तर तेल भारी, असं वाटतं. अँटिबायोटिकसाठी ही चाचणी छान आहे कारण ती पाणीदार जेलीत नीट पसरतात. तेल पाण्यात पसरत नाही, काही उडून जातं, काही झाकणाखाली वाफ होऊन बशीभर फिरतं. त्यामुळे वर्तुळाच्या मिलिमीटरवरून दोन तेलांची तुलना किंवा तेलाची अँटिबायोटिकशी तुलना करणं म्हणजे शुद्ध दिशाभूल, आणि तरीही ती सर्रास होते.

त्यापेक्षा बरा आकडा एमआयसी. म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवायला द्रवात कमीत कमी किती पदार्थ लागतो तो. टी ट्री ऑइल स्टॅफिलोकोकससाठी साधारण पाव ते अर्धा टक्का लागतं. पाव टक्का ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो मोजून बघा, मिलिलिटरमागे जवळजवळ 2200 मायक्रोग्रॅम होतात. थायमॉल-कार्व्हाक्रॉल याहून जोरदार, ते काहीशे मायक्रोग्रॅममध्ये काम करतात. आणि अँटिबायोटिक, ज्याला बॅक्टेरिया अजून सरावलेला नाही असं, बऱ्याचदा एका मायक्रोग्रॅमच्या आसपास. फरक शेकडो ते हजारो पटींचा आहे.

तो 99.9 टक्क्यांचा आकडाही जाता जाता बघून घेऊ. दहा लाख बॅक्टेरियांपैकी 99.9 टक्के मेले तर एक हजार उरले. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दहा वेळा दुप्पट व्हायला 200 मिनिटं, आणि एक हजाराचे पुन्हा दहा लाख. साडेतीन तास पण नाही लागत. जंतुनाशकांच्या जगात 99.9 ही सुरुवात समजतात आणि जाहिरातीत तोच शेवट असतो.

"मग थोडं पोटात घेतलं तर इन्फेक्शन जाईल ना?"

हिशेब करूनच बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यात टी ट्री ऑइलचं पाव टक्का प्रमाण आणायचं तर नुसत्या रक्तातच साडेबारा मिली तेल फिरत असायला हवं. प्रत्यक्षात तेल रक्तात बसून राहत नाही, रक्तातल्या प्रोटीनांना चिकटतं, चरबीत शिरतं, लिव्हर त्याची विल्हेवाट लावायला लगेच लागतं, म्हणजे प्यावं लागेल ते याच्या कितीतरी जास्त. आणि 10 मिलीहून कमी टी ट्री ऑइल चुकून प्यायलेल्या लहान मुलांचा तोल जाणं, गुंगी येणं अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. थोडक्यात, रक्तातला बॅक्टेरिया मरायच्या खूप आधी माणूस दवाखान्यात पोचलेला असेल.

यामागचं कारण सरळ आहे. बॅक्टेरियाचा पडदा स्निग्ध, तसा आपल्या पेशींचा पडदाही स्निग्धच. तेलाला दोन्हीकडे शिरता येतं. पेनिसिलिनचं तसं नाही, ते बॅक्टेरियाची भिंत बांधणाऱ्या यंत्रणेला पकडतं आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून ते आपल्याला फारसं न दुखवता रक्तात फिरू शकतं. अँटिबायोटिकची खरी कमाई ही निवड करण्यात आहे, आणि ती तेलाकडे फारच कमी आहे.

पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल पोटाच्या विकारात देतात हे खरं, पण त्या आतड्याचे स्नायू सैल व्हावेत म्हणून, जंतू मारायला नव्हे.

"पण माउथवॉशमध्ये तर हेच असतं!"

बरोबर, आणि हा आक्षेप फार चांगला आहे. 1879 पासून असलेल्या लिस्टरिनच्या मूळ फॉर्म्युल्यात चार पदार्थ आहेत, थायमॉल 0.064 टक्के, सिनिओल 0.092, मेन्थॉल 0.042 आणि मिथाइल सॅलिसिलेट 0.060. थायमॉलच्या आकड्याचे मायक्रोग्रॅम केले तर मिलिलिटरमागे 640 होतात, म्हणजे वर काहीशे मायक्रोग्रॅम लागतात म्हटलं ते प्रमाण इथे बरोब्बर गाठलं जातंय. वर अल्कोहोल आहे, त्याच्यामुळे हे तेलकट पदार्थ पाण्यात विरघळलेले राहतात. अर्धा मिनिट तोंडात फिरवायचं आणि थुंकून टाकायचं. ब्रशिंगच्या जोडीला वापरलं तर दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी होते हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. म्हणजे जिथे तेल थेट बॅक्टेरियाला भिडतं, पुरेशा प्रमाणात भिडतं आणि नंतर काढून टाकता येतं, तिथे ते चालतं.

त्वचेवरही असंच. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 पेशंटवर 5 टक्के टी ट्री जेल आणि मुरुमांवरचं नेहमीचं औषध 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड अशी तुलना झाली, मुरुमं दोन्हींनी कमी झाली, टी ट्रीला वेळ जास्त लागला पण त्रास कमी झाला. 2004 मधला एक अभ्यास याहून बोलका आहे. अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस अंगावर वागवणाऱ्या पेशंटमध्ये नाकातला जंतू घालवायला नेहमीचं मुपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम 78 टक्के लोकांत यशस्वी झालं, टी ट्री क्रीम 47 टक्के लोकांत. त्वचेवरच्या जागांवर मात्र टी ट्रीची कामगिरी वरचढ होती. जागा बदलली की निकाल बदलला. हे बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

"डिफ्युझर लावला की हवेतले जंतू तरी मरत असतील"

डिफ्युझर म्हणजे तेलाचा वास खोलीत पसरवणारं उपकरण. त्यात टाकलेले पाच थेंब, म्हणजे अंदाजे 0.2 ग्रॅम तेल, 30 घनमीटरच्या खोलीत सगळंच्या सगळं उडालं असं धरू. हवेच्या प्रत्येक लिटरमागे 0.007 मिलिग्रॅम आलं. बंद डब्यातल्या प्रयोगांत जोरदार तेलांची वाफसुद्धा लिटरमागे काही मिलिग्रॅम लागते, तेही तासन् तास. शेकडो पट कमी पडतंय, आणि खिडकी अजून उघडलेली नाही. वास छान येतो एवढ्यासाठी लावा की.

मेन्थॉलच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं त्याचंही असंच, हवा जाण्याचा मार्ग मोजला तर तो रुंदावलेला नसतो, मेन्थॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या रिसेप्टरला चालू करतो आणि मेंदूला वाटतं गार हवा आत येतेय. तो रिसेप्टर मेन्थॉल वापरूनच सापडला आणि शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरच्या एकूण कामासाठी 2021 चं नोबेल मिळालं. बरं वाटणं खोटं नाही, जंतू मरणं वेगळं.

"नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट कसला?"

विंटरग्रीन नावाच्या झुडपाचं तेल जवळपास शुद्ध मिथाइल सॅलिसिलेट असतं. एक चमचा, 5 मिली, म्हणजे ॲस्पिरिनच्या वीस-बावीस गोळ्यांइतकं सॅलिसिलेट, लहान मुलाचा जीव जायला पुरे. कापूर पोटात गेला तर मुलांना फिट येतात. दाबून काढलेल्या काही लिंबूवर्गीय तेलांत असे पदार्थ असतात की तेल लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होते. आणि ही बाटली उघडून महिनोन् महिने ठेवली की लिमोनिन, लिनालूल हवेतल्या ऑक्सिजनशी मिसळून वेगळी संयुगं बनतात आणि ॲलर्जी बहुतेक त्यांचीच येते, ताज्या तेलाची कमी. जुनं तेल वाया जाऊ नये म्हणून अंगाला लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. घरात मांजर असेल तर अजून जपून, तिच्या लिव्हरला फिनॉलसारखे पदार्थ बाहेर काढायची यंत्रणा फार तोकडी आहे.

पातळ न करता तेल त्वचेवर लावू नये, पोटात तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच.

"याला बॅक्टेरिया सरावत नाहीत म्हणे"

तेल एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं म्हणून सरावणं अवघड आहे, इथवर ठीक. अशक्य आहे हे चूक. 1997 मध्ये पाइन तेलाच्या जंतुनाशकाच्या सहवासात ई. कोलायचे असे प्रकार निवडले गेले जे त्या जंतुनाशकाला तर पुरून उरलेच, शिवाय बऱ्याच अँटिबायोटिकनाही आधीपेक्षा कमी दाद देऊ लागले, कारण आलेला परका पदार्थ उपसून फेकायची यंत्रणाच त्यांनी वाढवली होती. त्या यंत्रणेला तेल काय आणि अँटिबायोटिक काय, दोन्ही परकेच. म्हणजे कमी-कमी प्रमाणात जिथे तिथे तेल शिंपडत राहणं निरुपद्रवी आहे असं समजायचं कारण नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र आशेची आहे. तेलाच्या घटकाने पडदा सैल केला तर अँटिबायोटिकला आत शिरायला सोपं जातं, आणि लॅबमध्ये अशा काही जोड्या सापडल्यात जिथे दोघांचीही मात्रा एक चतुर्थांशापर्यंत उतरवूनही बॅक्टेरिया वाढत नाही. अडचण पुन्हा तीच, तेवढा घटक शरीरात योग्य जागी पोचवायचा कसा. त्यासाठी तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करणं, साखरेच्या रेणूंच्या कड्यात त्याला बसवणं असे प्रयत्न चालू आहेत, काही जखमेच्या पट्ट्यांसाठी, काही पॅकिंगसाठी. रक्तातल्या इन्फेक्शनपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही.

"औषध कंपन्या हे दाबून ठेवतात, पेटंट मिळत नाही ना"

दाबून ठेवायचं असतं तर इतकं विकलं नसतं. थायमॉल 1719 मध्येच कॅस्पर नॉयमन यांनी वेगळा काढला, आज तो माउथवॉशमध्ये आहे, फरशी पुसायच्या जंतुनाशकांत आहे, मधमाश्यांवरच्या व्हॅरोआ किडीसाठी पोळ्यात ठेवतात. दातात तात्पुरतं सिमेंट भरतात त्याला जो लवंगेचा वास येतो तो झिंक ऑक्साइडमध्ये कालवलेल्या युजेनॉलचा. मेन्थॉलला मागणी एवढी की तो कारखान्यात नेमक्या डाव्या-उजव्या घडणीचा बनवायची पद्धत काढावी लागली, त्या रसायनामागे असलेल्या र्योजी नोयोरी यांना 2001 चं नोबेल विभागून मिळालं. कंपन्यांनी घेतला तो रेणू घेतला, कारण त्याची मात्रा ठरवता येते आणि पुढच्या बॅचमध्येही तीच देता येते. अख्ख्या तेलाचं तसं होत नाही, या वर्षीच्या बाटलीत थायमॉल 35 टक्के आणि पुढच्या वर्षी 55 असेल तर डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनवर किती थेंब लिहायचे?